सातवं मत

कॅरमच्या कमिटीत मी शिरले ती माझ्या ड्युटीमुळे. मी एसटीत कंडक्टर आहे. डेपो नांदेड, आणि गेली काही वर्षं बहुतेक ड्युटी नांदेड–लातूर गाडीवर. सकाळी निघायचं, लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर गाठायचं, अर्ध्या तासात परत फिरायचं. कॅरम शिकले ते डेपोतल्या विश्रांती कक्षात. तिथं ड्रायव्हर लोक जेवणानंतर बोर्ड मांडून बसायचे. एके दिवशी चौथा गडी कमी पडला म्हणून मला हाक मारली, आणि त्या दिवशी माझ्याकडून राणी गेली, तिच्यामागं कव्हरही गेलं. तेव्हापासून सुटले नाही.

आमचा कॅरम क्लब नांदेड आणि लातूर, दोन्ही गावांचा मिळून एक आहे. पगारी माणूस एकही नाही. आपापली कामं सांभाळून लोक वर्षाला एक स्पर्धा भरवतात. कमिटीत तीन जण नांदेडचे, तीन लातूरचे. दोन गावांत सगळ्याच गोष्टींवरून जुनी ओढाताण आहे, सरकारी कार्यालय कुणाकडं व्हावं इथपासून ते भजी कुणाची चांगली इथपर्यंत, म्हणून सातवा माणूस सचिव, तो दोन्हीकडचा. आधीचे सचिव मुलाकडं पुण्याला राहायला गेले तेव्हा अध्यक्षांनी माझ्याकडं बोट केलं.

"तुम्ही तशाही येता-जाता," ते म्हणाले.

अध्यक्ष म्हणजे लातूरचे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना सगळे सर म्हणतात. क्लब त्यांनीच सुरू केला आहे.

पहिली मिटिंग सरांच्या घरी, माडीवर झाली. रविवार होता, मला सुट्टी होती, तरी मी गाडीनंच लातूरला गेले. अकराला सुरू व्हायची ती साडेअकराला झाली. सरांनी क्लब कसा सुरू झाला तिथून बोलायला घेतलं. चहा आला. नांदेडचे औषध दुकानवाले म्हणाले, की आधी मागच्या स्पर्धेत पंचाचं काय चुकलं ते ठरवू. त्यावर लातूरचे कापड दुकानवाले चिडले. मग महिलांचा गट वेगळा घ्यायचा का, हा विषय निघाला. त्यावर पाच पुरुष पाऊण तास बोलले. लातूरच्या सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर आमच्या कमिटीत आहेत, चांगल्या खेळतात, त्या गप्प बसून होत्या. मीही गप्प. पण माझा उजवा पाय थांबत नव्हता. मला एका जागी बसायची सवयच राहिली नाही. हलत्या गाडीत दिवसभर उभी राहणारी बाई मी, तिला खुर्चीवर बसवलं की अंगातून मुंग्या धावल्यासारखं होतं. मी दोनदा पाणी प्यायला उठले, एकदा उगीच गॅलरीत जाऊन आले. शेवटी साडेतीन वाजता कळलं, की आज एकच गोष्ट ठरली आहे. ती म्हणजे पुढची मिटिंग.

परतीच्या गाडीत मी मनातल्या मनात सगळ्यांना झापत होते.

पुढच्या मिटिंगची तयारी मी माझ्या पद्धतीनं केली. गुरुवारीच मोबाईलवर विषय पाठवले, पाचच. प्रत्येक विषय प्रश्नासारखा लिहिला, म्हणजे नुसतं "महिला गट" असं नाही, तर "महिला गट घ्यायचा का, घ्यायचा तर कोण बघणार?" एका विषयाला दहा मिनिटं. दहा मिनिटांत एकमत नाही झालं तर हात वर करायचे. जे ठरेल ते तिथल्या तिथं वहीत लिहायचं, पुढं नाव आणि तारीख, आणि उठायच्या आधी मोठ्यानं वाचून दाखवायचं. सरांनी उत्तर पाठवलं, "उत्तम." त्या एका शब्दात नाराजी होती, पण मी ती वाचली नाही.

ती मिटिंग नांदेडला झाली, चाचांच्या कारखान्यात. चाचा म्हणजे आमच्या कमिटीतले सगळ्यांत वयस्कर. त्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या सुतारकाम. जुन्या नांदेडात त्यांची जागा आहे, खाली पलंग-कपाटं बनतात आणि वर, मागच्या खोलीत ते हौसेनं कॅरमबोर्ड करतात. क्लबचे चांगले आठ बोर्ड त्यांच्याच हातचे. बोलायला मात्र संथ. एक वाक्य बोलतील, रंध्याकडं बघतील, पालथ्या हातानं लाकडाची भुकटी झाडतील, मग दुसरं वाक्य.

मी मोबाईल समोर ठेवला आणि सुरुवात केली. महिला गट घ्यायचा, सिस्टर बघणार. झालं. पंच कोण, झालं. सर क्लबच्या सुरुवातीची आठवण सांगायला लागले तेव्हा मी म्हणाले, "सर, ते आपण चहाला ऐकू." लोक हसले. सरांनी हाताची घडी घातली आणि त्यानंतर प्रत्येक विषयाला ते एकच शब्द बोलले, "मान्य."

चौथा विषय होता, स्पर्धा कुठं भरवायची. आठ मिनिटं अपेक्षेप्रमाणे गेली. लातूरवाले लातूर म्हणाले, नांदेडवाले नांदेड.

चाचा म्हणाले, "देखो बाई, बोर्डाचं एक असं असतं..." आणि थांबले. त्यांनी टेबलावरून हात फिरवला.

मी मोबाईल बघितला. नऊ मिनिटं झाली होती, मग दहा.

"चाचा, वेळ झाली. हात वर करा सगळ्यांनी."

तीन लातूरला, तीन नांदेडला. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी क्षणभरही विचार केला नाही. "लातूर," म्हणाले आणि लिहून टाकलं.

चाचा म्हणाले, "ठीक है."

पंचावन्न मिनिटांत मिटिंग संपली. वही वाचून दाखवली तेव्हा औषध दुकानवाले म्हणाले, "वा! असं पाहिजे." घरी जाताना मला पंख फुटल्यासारखं झालं होतं. नवऱ्याला सांगितलं, शेजारणीला सांगितलं, दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरलाही लोह्यापर्यंत तेच सांगत होते.

एक गोष्ट मात्र मी कुणालाच सांगितली नव्हती. माझी मुलगी तेव्हा लातूरला होती. बारावीनंतर डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी एक वर्ष थांबलेली, क्लासजवळच्या एका होस्टेलात राहणारी. तिच्यासाठीच मी ही ड्युटी मागून घेतली होती. गाडी लातूरला लागली, की नोंद वगैरे करून मला वीस मिनिटं मिळायची, आणि ती स्टँडवर यायची. स्पर्धा लातूरला झाली तर मला तिच्याजवळ दोन अख्खे दिवस मिळणार होते. मत देताना माझ्या डोक्यात बोर्ड नव्हते, सोंगट्या नव्हत्या, नांदेडही नव्हतं. तेवढंच होतं.

त्याच आठवड्यात ती स्टँडवर भेटली. मी डबा तिच्या हातात दिला आणि सुरू झाले. जेवलीस का, परवाच्या टेस्टला किती पडले, झोप होते का, गरम पाणी येतं का, कुठला विषय राहिला.

तिनं डबा मांडीवर ठेवला. "आई, मिटिंग घेऊन राहिलीस का माझी?"

"का गं?"

"विचारतीस आणि उत्तर यायच्या आत पुढचं विचारतीस. मी काय सांगू मग?"

"बरं, सांग."

"राहू दे. तुझी गाडी लागली."

गाडी खरंच लागली होती. मी पळाले. तिकिटं फाडताना, म्हणजे आता फाडायची नसतात, मशीनवर काढायची असतात, पण हात तसाच चालतो, माझं लक्ष लागेना. चाकूरला एका म्हाताऱ्याला मी लोह्याचं तिकीट दिलं, त्याला अहमदपूरला उतरायचं होतं. तो शांतपणे म्हणाला, "बाई, म्या सांगूनच राहिलो होतो." मी त्याच्यावरही खेकसले. मग अहमदपूरपर्यंत मला माझीच लाज वाटत राहिली.

पुढं दोन आठवड्यांनी मी चाचांकडं गेले. वहीत त्यांच्या नावापुढं "आठ बोर्ड, लातूरला पोचवणे, स्पर्धेच्या दिवशी सकाळी" असं लिहिलेलं होतं, आणि मी प्रत्येकाला त्याच्या कामाची आठवण द्यायला जात असे. चाचा मागच्या खोलीत एका बोर्डाला पॉलिश करत होते. बाकीचे सात लाकडी घोड्यांवर आडवे मांडलेले.

"चाचा, गाडीचं काय केलं? एसटीच्या टपावर बांधू का?"

त्यांनी कापड खाली ठेवलं. या वेळी मी काही बोलले नाही, कारण जिना चढून मला धाप लागली होती.

"बाई," ते म्हणाले, "हे बोर्ड टपावर जात न्हाईत. उभे बांधले तर चौकट ढिली होती. आडवे टाकले तर मधी बसतात. चांगल्या गाडीतून, गादी टाकून न्यावं लागतंय. आणि नेल्यावर दोन दिवस तसेच ठिवायचे. मग लेव्हल बघायची. मगच खेळायचं. न्हाईतर सोंगटी एकीकडंच पळते."

"दोन दिवस? हॉल तर शनिवार-रविवारचाच मिळालाय."

"हाव."

"मग तुम्ही मिटिंगमध्ये सांगितलं का नाही?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. "सांगून राहिलो होतो की. तुमी म्हणलात, हात वर करा."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. मी दारापर्यंत गेलेसुद्धा, मग परत आले. बोर्डाच्या कडेवरून बोट फिरवलं, परत दाराकडं गेले. चाचांनी स्टूल पुढं सरकवलं, मी बसले नाही. म्हणाले, परत मिटिंग बोलावते. ते म्हणाले, "आता ठरलं ना. सरांना राग यील." मी म्हणाले, येऊ दे.

मिटिंग बोलवायला आठ दिवस गेले. ते आठ दिवस फार वाईट गेले. सरांना फोन केला तर ते म्हणाले, एकदा झालेला निर्णय असा उलटवता येत नाही, उद्या कुणीही उठेल आणि म्हणेल. बोलता बोलता ते म्हणाले, "तुम्हाला ऐकायचं नसतं बाई, उरकायचं असतं." फोन ठेवल्यावर मी घरभर फिरत राहिले. नवरा म्हणाला, जेव तरी. मी उभ्यानंच जेवले. सरांचा राग आला होता तो त्यांचं खोटं होतं म्हणून नव्हे. पोरीनं आणि सरांनी एकच गोष्ट सांगितली होती, आणि दोघं एकमेकांना ओळखतही नव्हते.

मिटिंग चाचांच्याच कारखान्यात ठेवली. लातूरचे तिघंही आले, सर सगळ्यांत शेवटी. या वेळी विषय एकच पाठवला होता. मोबाईल मी पिशवीत टाकला.

"आधी माझं ऐका," मी म्हणाले. "मागच्या वेळी चाचा बोलत होते, ते मी बोलू दिलं नाही. ती एक चूक. दुसरी अशी, की मी लातूरला मत दिलं ते क्लबसाठी दिलं नाही. माझी पोरगी तिथं आहे. दोन दिवस तिच्याजवळ राहायला मिळतील म्हणून दिलं."

खाली करवत चालू होती, तिचा आवाज वर येत होता. मला वाटत होतं, कुणीतरी शिव्या तरी द्याव्यात.

सर म्हणाले, "हे इतिवृत्तात लिहायचं का?"

"लिहायचं," मी म्हणाले आणि सगळ्यांसमोर लिहिलं. अक्षर तिरकं गेलं आहे. ती वही अजून माझ्याकडं आहे.

मग चाचा बोलले. त्यांना किती वेळ लागला ते मी बघितलं नाही. मधे मधे ते थांबायचे, आणि थांबले की माझ्या जिभेवर पुढचं वाक्य यायचं. मी दोन्ही पाय खुर्चीच्या आडव्या दांडीत अडकवून बसले. बोर्ड कसे वाकतात, लातूरच्या स्टँडजवळच्या हॉलात वरच्या पत्र्याची धग कशी लागते, मागं एकदा औशाला बोर्ड नेले तेव्हा काय झालं, सगळं त्यांनी सांगितलं. कापड दुकानवाल्यांनी दोन प्रश्न विचारले. खरे प्रश्न, भांडणाचे नव्हेत.

वाटलं, आता नांदेडच ठरणार. मी वही उघडलीसुद्धा. पण मग मला वाटलं, थांबावं. मी सिस्टरांकडं बघितलं. त्या आजवर एकाही मिटिंगमध्ये आपणहून बोलल्या नव्हत्या.

"सिस्टर, तुम्हाला काही म्हणायचंय का?"

"न्हाई, काही न्हाई."

मी वही मिटली आणि बसून राहिले. औषध दुकानवाले चुळबुळ करायला लागले. त्यांना मी हातानंच थांबवलं.

"म्हणजे," सिस्टर म्हणाल्या, "नांदेडला झालं तर महिला गट होणारच न्हाई. निलंग्याच्या चौघी आहेत, औशाच्या दोघी. त्यांना लातूरला यायला घरून कसंबसं हो म्हणलंय. नांदेडहून संध्याकाळच्या आत घरी पोचत न्हाईत त्या. मग येणारच न्हाईत. मी नावं घेतलीत, त्यांना काय तोंड दाखवू?"

हे आमच्यातल्या एकालाही सुचलं नव्हतं. मलाही नाही, बाई असून.

त्यानंतर जे बोलणं झालं ते खरं मिटिंगसारखं झालं. आवाज चढले, दोनदा चहा आला, कापड दुकानवाले उठून गेले आणि परत आले. शेवटी ठरलं ते असं: महिलांचे सामने शनिवारी लातूरला, क्लबच्या तिथल्या जुन्या तीन बोर्डांवर. बाकीची स्पर्धा पुढच्या शनिवार-रविवारी नांदेडला, चाचांच्या बोर्डांवर, आणि महिलांतल्या पहिल्या दोघींचा अंतिम सामना तिथंच, रविवारी भर दुपारी, म्हणजे त्यांना परत जायला गाडी मिळेल. ती गाडी कोणती, हे मी तिथंच सांगितलं. तेवढं एक मला कुणापेक्षा जास्त कळतं.

सरांचा विरोध होता. त्यांनी हात वर केला नाही. म्हणाले, "माझं मत नोंदवून घ्या."

"सांगा सर."

ते सांगत गेले, मी लिहीत गेले. दीड पान झालं. त्यात क्लब कसा सुरू झाला तेही आलं, आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदाच मी ते नीट ऐकलं. सुरुवातीला दोन्ही गावांत मिळून एकच बोर्ड होता, आणि तो सर स्वतः घेऊन फिरायचे. माझ्या लिहिण्याचा वेग बघून ते मधे एकदा म्हणाले, "सावकाश लिहा, मला घाई नाही." लोक हसले, सरही हसले. त्यांचा राग मात्र गेला नव्हता. तो पुढं बरेच दिवस राहिला.

त्या आठवड्यात स्टँडवर मी मुलीला फक्त "ये, बस" म्हणाले. बाकावर शेजारी बसले. वीस मिनिटांतली पाच मिनिटं ती मोबाईल बघत होती. मी समोरच्या निलंगा गाडीत चढणारी माणसं मोजत होते. मग ती म्हणाली, "आई, मी चार दिवस झाले क्लासला गेले नाही."

माझ्या तोंडापर्यंत सगळं आलं. का, कुठं होतीस, सांगितलं का नाहीस. मी बाकाची कड धरून ठेवली.

"मला समजूनच नाही राहिलं," ती म्हणाली. "सगळे पुढं गेले. क्लासातले सर एकदा सांगतात, परत विचारलं तर पोरं हसतात. मी होस्टेलातच बसून राहते."

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी हात करून त्याला थांब म्हणाले. नोकरीत पहिल्यांदाच मी माझ्यासाठी गाडी थांबवली होती, चार मिनिटं, आणि स्टँडवरच्या नियंत्रकांची बोलणीही खाल्ली. त्या चार मिनिटांत मी तिला काहीच शहाणपण सांगितलं नाही. ती रडली, मी तिच्या पाठीवर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी रजा टाकून गेले, क्लासवाल्यांना भेटले, आणि तिला लहान बॅचमध्ये बसवलं. पुढं तिचं जे झालं ते फार मोठं नाही. डॉक्टरकीला नंबर लागला नाही, फार्मसीला लागला. ती खूश आहे. निदान तसं म्हणते, आणि मी उलट विचारत नाही.

स्पर्धा झाली. लातूरचे जुने बोर्ड खरंच वाईट होते, एका बोर्डावर सोंगटी डावीकडंच जायची, आणि निलंग्याच्या एका पोरीनं ते पहिल्या डावातच ओळखून सगळ्यांना हरवलं. मी स्वतः पहिल्याच फेरीत बाहेर गेले. मुलगी दिवसभर माझ्यामागं खुर्ची टाकून बसली होती. मी टेबलावर नावं लिहिण्यात एवढी गुंतले होते, की तिच्याशी धड बोलणं झालं नाही, पण ती उठून गेली नाही. नांदेडच्या रविवारी सर आले. बक्षीस देताना माईक बंद पडला तेव्हा ते पुटपुटले, "लातूरला असं झालं नसतं." चाचा बोर्डाशेजारून हललेच नाहीत. प्रत्येक सामना झाला, की ते वाकून लेव्हल बघत.

अजूनही मिटिंगा होतात, आणि अजूनही मला बसवत नाही. विषय मी अजून गुरुवारी पाठवते, ठरलेलं तिथंच लिहिते, वाचून दाखवते. दहा मिनिटांचं बंधन काढलं. त्याऐवजी हात वर करायच्या आधी मी प्रत्येकाला नाव घेऊन विचारते, आणि विचारल्यावर गप्प राहते. मिटिंगा आता पावणेदोन तास चालतात. कधी कधी मला अजून वाटतं, की पंचावन्न मिनिटांचीच बरी होती.

या वर्षीच्या पहिल्या मिटिंगमध्ये वाद निघाला तो शाळेतल्या मुलांचा गट सुरू करायचा का यावर. सिस्टर पाहिजे म्हणाल्या, कापड दुकानवाले नको म्हणाले. सरांनी तर विरोधात नियमच काढून दाखवला. हात वर केले असते तर चार-तीन झालं असतं, माझं मत पडेल त्या बाजूला. मी सगळ्यांना विचारलं. मग मी वहीत लिहिलं, "निर्णय झाला नाही. पुन्हा बोलायचं." आणि ते तसंच मोठ्यानं वाचून दाखवलं. कुणी हरकत घेतली नाही. चाचांनी बोर्ड पुसला आणि सिस्टर सोंगट्या लावायला बसल्या.